आजोबांच्या डब्यात निघालेल्या अकीकाच्या गोट्या: हातानं घडवलेल्या ओळखायच्या कशा?

वाघूरकाठचा
राम राम मंडळी. दोन वर्षं नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय, चुकलंमाकलं पोटात घाला.

दिवाळीत भुसावळचं जुनं घर आवरलं. माळ्यावर आजोबांचा तंबाखूचा पत्र्याचा डबा निघाला, झाकण गंजून घट्ट बसलेलं, शेवटी उलथन्यानं उचकटलं. आत पाच हिरव्या काचेच्या गोट्या, त्या सोडावॉटरच्या बाटलीतल्या, हे शेंबडं पोरगंही सांगेल. पण त्यांच्याखाली चिंधीत बांधलेल्या दोन दगडाच्या गोट्या आणि एक चपटा लांबट दगड, दोनेक इंचाचा, एका बाजूनं काचेसारखा गुळगुळीत. गोट्यांपैकी एक काळी, तिला पांढरे पट्टे. दुसरी विटकरी आणि मधाच्या मधल्या रंगाची आणि तिच्या एका टोकाला वर्तुळात वर्तुळ, वर्तुळात वर्तुळ असा डोळा. उजेडात धरली की आतून पेटल्यासारखी दिसते.

आजोबा सांगायचे ते असं, की पणजोबा भुसावळच्या लोको शेडला फायरमन, म्हणजे इंजिनात कोळसा टाकणारे, होते, जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेच्या वेळेस, आणि कॉलनीतल्या एका गोऱ्या ड्रायव्हरचा पोरगा विलायतेला परत जाताना आजोबांना या गोट्या देऊन गेला. आजी म्हणायची सगळ्या थापा, जिंकल्या असतील नाहीतर उचलल्या असतील.

नेटवर शोधलं तर 'अँटिक जर्मन हँडमेड अ‍ॅगेट मार्बल' (अ‍ॅगेट म्हणजे आपला अकीक) म्हणून हुबेहूब अशाच दिसतात, आणि किमती बघून आमचा मेहुणा दोन दिवस झोपला नाही. तर प्रश्न एवढाच की या हातानं घडवलेल्या का मशीनच्या हे घरच्या घरी ओळखायचं कसं? आणि इथं कोणी अशा गोट्या जमवतं का, का मीच येडा?

भरीतपार्टी
तूच येडा. डबा कोणत्या तंबाखूचा ते सांग, डब्यालाच जास्त पैसे येतील.

सोडा_गोटी
वा! बालपण आठवलं. आम्ही अमळनेरला बोरीच्या वाळवंटात खेळायचो, टाचेनं गोल गोल फिरून गल करायचा आणि मग पिलवायला सुरुवात, हरला की कोपरानं गोटी ढकलत गलापर्यंत न्यायची, दोन्ही कोपरं सोलून निघायची आणि घरी गेलं की आई परत सोलायची. दगडाची गोटी आमच्यात एकाकडेच होती, तिच्याशी खेळायला कोणी तयार नसायचं कारण ती आपली काचेची गोटी एका टोल्यात फोडायची. त्या पोराला आम्ही खेळातून काढलं होतं तेव्हा तो गोटी खिशात ठेवून झाडाखाली बसून राहायचा.

बाटलीतली गोटी फोडून काढायचं कौशल्य हा वेगळा धागा होईल. ती बाटली कॉड नावाच्या इंग्रजानं 1872 साली पेटंट केली म्हणे, आणि आपल्याकडे अजून लग्नात 'ठॉक' करून फोडतात.

यावल_मेल
गोटी फोडत नाहीत हो काका, आत ढकलतात.

सोडा_गोटी
तुझ्या लग्नात ढकलली असेल. आमच्याकडे बाटलीच फोडायचे.

नेमबाज
मी जमवतो. मूळ चोपड्याचा, सध्या पुण्यात. 30-35 आहेत, त्यातल्या अकीकाच्या फक्त 6, कारण खिसा तेवढाच आहे. जमेल तेवढं सांगतो, लांबण लागेल.

आधी दगड का काच. गालाला लावून बघ, दगड जास्त थंड लागतो आणि थंडपणा जरा टिकतो. भिंगातून आत बारीक हवेचे बुडबुडे दिसले तर काच, विषय संपला. दुसरं, 'अ‍ॅगेट' शब्दाला भुलू नकोस. अमेरिकेत अ‍ॅक्रो अ‍ॅगेट नावाची कंपनी होती, 1914 पासून वेस्ट व्हर्जिनियातल्या क्लार्क्सबर्गला कारखाना, 1951 ला बंद. तिच्या गोट्या शंभर टक्के काचेच्या, अकीकासारख्या दिसाव्यात म्हणून तसं नाव. लोक त्या अकीकाच्या म्हणून विकतात आणि लोक घेतात.

आता हात का मशीन. जर्मनीत इडार-ओबरश्टाइन नावाचं गाव आहे, अकीक घासायचा धंदा तिथं शतकानुशतकं. ओढ्याच्या पाण्यावर चालणारी पाणचक्की, तिच्या आसावर माणसापेक्षा उंच वालुकाश्माची चाकं, आणि कारागीर चाकासमोर लाकडी घोडीवर पालथा पडायचा, पाय मागं खुंटीला रेटायचे आणि सगळ्या अंगाचा जोर लावून दगड चाकावर दाबायचा. गोटीसाठी दगड आधी हातोडीनं टवके काढून गोलसर करायचे, मग चाकाच्या कडेला खाच असायची तिच्यात फिरवत फिरवत घासायचे. फिरवणारा शेवटी हातच. त्यामुळे गोटी गोल दिसते पण पृष्ठभागावर बारीक बारीक चपट्या जागा राहतात, पैलू म्हणा. डोळ्यांना सहज दिसत नाहीत. दिव्याखाली गोटी हळूहळू फिरव आणि गोटीकडे नाही, तिच्यावरच्या उजेडाच्या ठिपक्याकडे बघ. मशीनच्या गोटीवर ठिपका लोण्यासारखा सरकतो. हातच्या गोटीवर तो अडखळतो, मोडतो, उडी मारतो.

आत्ताच्या मशीनच्या गोट्या दोन फिरत्या वाट्यांच्या मध्ये धरून घासतात, त्या सगळ्या बाजूंनी सारख्याच गोल निघतात. हातची कधीच नाही. व्हर्नियर (व्यास मोजायची सरकपट्टी) असेल तर चार दिशांनी माप.

आणि तुझ्या लाल गोटीला जो डोळा आहे तो असाच येत नसतो. दगडातले पट्टे कसे जातात हे बघून कारागिरानं टोक साधलेलं असतं. फोटो टाक, जीव खालीवर होतोय.

भरीतपार्टी
पालथं पडून काम? आमच्या ऑफिसात निम्मे लोक करतात.

बेसाल्टबाबा
नेमबाज यांचा प्रतिसाद उत्तम. मी निवृत्त शिक्षक, भूगोल शिकवला, दगडांचा नाद आहे.

थोडी भर. अकीक म्हणजे गारगोटीच्याच कुळातला, क्वार्ट्‌झचे अतिसूक्ष्म स्फटिक. आपल्या पायाखालचा काळा पाषाण म्हणजे साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. तो थिजताना वायूचे बुडबुडे अडकले, पोकळ्या राहिल्या, नंतर त्यात सिलिकायुक्त पाणी झिरपून भिंतीवर थरावर थर बसत गेले. गोटीवरचे पट्टे म्हणजे ते थर. त्याच पोकळ्यांत जळगाव, सावद्याकडे झिओलाइट नावाचे स्फटिक मिळतात, ज्यासाठी जगभरचे संग्राहक खानदेशाचं नाव घेतात. सिन्नरचं गारगोटी म्युझियम बघा, डोळे दिपतात. आणि आपण काय करतो, विहीर खणताना पांढरे स्फटिक निघाले की बांधावर फेकतो.

तापी, गिरणा, पांझरा, कुठल्याही वाळवंटात तासभर खाली मान घालून चाला, मुठभर अकीक सापडतील. जर्मनीचं कशाला कौतुक?

शहादा_एक्सप्रेस
एकदम सोप्पी टेस्ट आहे, वजन. अकीक काचेपेक्षा खूप जड असतो, हातात घेतला की कळतो.

बेसाल्टबाबा
नाही हो. काचेची घनता सुमारे 2.5, अकीकाची 2.6. दोन सेंटिमीटरची गोटी घेतली तर काचेची साडेदहा ग्रॅम आणि अकीकाची 10.9 च्या आसपास. 0.4 ग्रॅमचा फरक हाताला कळत असेल तर तुम्ही सराफ बाजारात बसा.

शहादा_एक्सप्रेस
बरं. पण मग चाकूनं ओरखडा काढून बघायचा, काच ओरखडते, अकीक नाही.

नेमबाज
चाकूला हात लावू नका!! काचेवर साध्या चाकूचाही भरवसा नाही, कधी उठतो कधी नाही. अकीक काचेला ओरखडा काढतो हे खरं, पण जुन्या गोटीवर असले प्रयोग करायचे नसतात. नाहीतर माझ्यासारखं होईल. पाच वर्षांपूर्वी एक सुंदर करड्या पट्ट्यांची गोटी मिळाली, वर खेळून खेळून मळ बसलेला. एका पॉलिशवाल्याकडे दिली, म्हटलं फक्त साफ करा. आठ दिवसांनी त्यानं अशी चकाचक करून दिली की आरशासारखी, आणि पैलू सगळे गायब. तोही खुश, वरून म्हणे गोटी वाकडी होती साहेब, सरळ करून दिली. 150 रुपये मोजून घेतले.

कानबाईची_लेक
वाकडी होती, सरळ करून दिली 😂😂 अहो हे वाक्य घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवलं.

यावल_मेल
वाखु (वाचनखूण) साठवली.

सुरत_पॅसेंजर
उशिरा आलो. मी नंदुरबारचा, कामधंद्यासाठी 22 वर्षं सुरतेत. गुजरातेतल्या खंबायतला (खंभात) कामानिमित्त जाणं होतं म्हणून लिहितो.

तुम्ही सगळे जर्मनी जर्मनी करताय. अहो अकीकाचं खरं गाव आपल्या शेजारी आहे. राजपिपळ्याच्या डोंगरात रतनपूर, तिथं बाबा घोरचा दर्गा आहे, सिद्दी लोकांचं मोठं ठिकाण, आणि त्या डोंगरातून अकीक निघतो. तो खंबायतला जातो. आधी दगड उन्हात महिनोन्‌महिने वाळवतात, मग मातीच्या मडक्यात घालून शेणीच्या आगीत भाजतात, तेव्हा दगडातल्या लोहामुळे त्याला तो लाल रंग येतो. नंतर घडाई. जमिनीत तिरपी लोखंडी पहार रोवलेली, तिच्या टोकाला दगड टेकवायचा आणि शिंगाच्या डोक्याच्या हातोडीनं वरून हलकेच टकटक. ठोका वरून, टवका मात्र खालच्या बाजूनं, पहारीच्या टोकाशी उडतो. मी एका चाचांकडे अर्धा तास बघत बसलो, एकही ठोका वाया नाही. मला दिली हातोडी तर पहिल्या ठोक्यात दगडाचे दोन तुकडे.

जवळच लोथलला उत्खननात हडप्पाकाळातला मण्यांचा कारखाना सापडलाय. म्हणजे चार हजार वर्षांच्या वरचा धंदा. तेव्हा वाघूरकाठचे भाऊ, तुमची लाल गोटी जर्मन कशावरून? खंबायतची पण असू शकते. बाजारात आज जे अकीकाचे गोळे मिळतात त्यातले कितीतरी खंबायतचेच असतात, आणि तेच कुठंतरी जाऊन 'अँटिक जर्मन' होऊन परत येतात.

आणि एक सांगायचं राहिलं, कौतुकाच्या नादात राहतंच. ती धूळ. खंबायतच्या अकीक कामगारांत सिलिकोसिस फार आहे. घासताना उडालेली बारीक सिलिका फुफ्फुसात बसते ती निघत नाही. ज्या घरात चाक फिरतं त्या घरात लहान पोरंही तीच हवा ओढतात. ते चाचा बोलता बोलता थांबून खोकत होते, मी पाणी दिलं, तर म्हणे पाण्यानं जात नाही हे.

नेमबाज
मान्य. इडारच्या पालथ्या पडणाऱ्या कारागिरांचीही छाती त्यातच जायची.

पण गोटीचं म्हणाल तर फरक आहे. काळ्या गोटीकडे या. काळा अकीक निसर्गात असा गडद फारसा मिळत नाही, तो रंगवलेला. इडारवाले दगड साखरेच्या नाहीतर मधाच्या पाण्यात आठवडेच्या आठवडे भिजवायचे, मग गंधकाम्लात. आत मुरलेल्या साखरेचा कोळसा होतो. जो थर सच्छिद्र असतो तो साखर पितो आणि काळा पडतो, जो घट्ट तो पांढराच राहतो. म्हणून काळ्या पट्ट्याची कड अशी सुरीनं कापल्यासारखी. आणि दगड तरी कुठं जर्मन? गावचा अकीक संपत आला तेव्हा इडारहून ब्राझीलला गेलेल्या लोकांना तिकडं अकीकाचे ढीग सापडले, 19व्या शतकात जहाजं भरून दगड जर्मनीला यायला लागला. म्हणजे ब्राझीलचा दगड, जर्मनीत घासला, इंग्रजाच्या पोराच्या खिशातून भुसावळला.

भरीतपार्टी
साखरेच्या पाकात मुरवून काळा. याला आम्ही काला जामुन म्हणतो.

सुरत_पॅसेंजर
रंगवायची विद्या जर्मनीच्या बाहेर गेलीच नाही असं थोडीच आहे. काळी गोटी म्हणजे जर्मन, हे गणित मला पटत नाही.

नेमबाज
गणित नाही, वजन म्हणा. काळी, पट्टेवाली, पैलू निघाले तर तेही, आणि रेल्वे कॉलनीची गोष्ट. चार गोष्टी एका बाजूला झुकतात एवढंच. लाल गोटीवर मी पैज लावणार नाही, ती तुम्ही घ्या.

एरंडोलकर
गोट्यांत मला गती नाही. पण तो चपटा दगड!! कोणीच विचारत नाहीये.

आमचं एरंडोल कागदासाठी नावाजलेलं होतं हे आता एरंडोलच्या पोरांनाही माहीत नाही. हातकागद, जाडाभरडा, वह्या-खतावण्यांचा. कागद वाळला की त्याला खळ लावायची आणि मग अकीकासारख्या गुळगुळीत दगडानं घोटायचा, नाहीतर बोरूची शाई फुटते. जुनी पोथी तिरपी धरून बघा, पानावर लांब लांब चकाकत्या रेघा दिसतात, त्या घोटण्याच्या. यावललाही कागद व्हायचा. एका बाजूनं काचेसारखा झालेला लांबट दगड म्हणजे कागद घोटायचाच, दुसरं काय असणार. मला फोटो पाठवा, व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे.

कानबाईची_लेक
एरंडोलकर दादा, थांबा जरा. दोन इंचाचा म्हणतात ते. कागद घोटायला तळहातभर दगड लागेल, दोन इंचानं घोटत बसलं तर एका वहीला श्रावण संपेल. मी सोनाराच्या घरातली. आमच्या दादांकडे ओपणी होती, लाकडी मुठीत लाखेनं बसवलेला अकीकाचा तुकडा, सोन्याच्या मुलाम्यावर ती फिरवली की जिलई येते. मूठ निघून गेली की उरतो तो असाच चपटा लांबट दगड. कडेला लाखेचा काळपट डाग आहे का बघायला सांगा.

एरंडोलकर
ताई, फायरमनच्या घरात ओपणी कुठून येईल?

कानबाईची_लेक
आणि कागद घोटायचा दगड कुठून येईल? इंजिनात कागद घालायचे का?

शहादा_एक्सप्रेस
पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

यावल_मेल
अवांतर: माझे पणजोबा बिडी पेटवायला चकमक वापरायचे. गारगोटी, पोलादाचा तुकडा आणि कापूस, एका चिलमीएवढ्या पिशवीत. बोटभर ठिणगी. पोरांनी गोट्या म्हणून ती गारगोटी पळवली म्हणून आख्खं गाव गोळा केलं होतं त्यांनी.

बेसाल्टबाबा
अवांतर निघालंच आहे तर. चाळीसगावजवळ पाटण्याला जुन्या अश्मयुगातलं ठिकाण आहे, तिथं कॅल्सेडनीची, म्हणजे अकीकाच्या सख्ख्या भावाची, दगडी पाती मिळाली आणि शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणीसुद्धा. प्रकाशे, बहाळ इथल्या उत्खननांतही ताम्रपाषाण काळातली तसल्याच दगडाची बारीक पाती आहेत. आणि पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशाच्या वहीत, पेरिप्लस म्हणतात तिला, लिहिलंय की पैठणहून अकीकासारखा दगड गाड्यांवर लादून भडोचला जात असे. त्या वाटा बहुधा आपल्या खानदेशाच्या अंगानंच उतरत असणार. भुसावळला अकीक विलायतेहून यायला लागावा ही गंमतच आहे.

एक विनंती. नदीतले गोटे खुशाल वेचा. पण पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या, टेकाडावर मणी, पाती दिसली तर तिथंच राहू द्या. खिशात घातली की तिची नुसती गारगोटी होते, कोणत्या थरात होती हेच पुसलं जातं.

वाघूरकाठचा
अरे बापरे, तीन दिवस शेतात होतो, केळीची कटाई चालू, आणि इथं भारतभ्रमण झालं. सगळ्यांना दंडवत. एक एक सांगतो.

भिंग आणलं, पोरीचं आहे, शाळेच्या प्रोजेक्टचं. बुडबुडे नाहीत, दोन्हींत. रात्री लाइट गेली होती म्हणून मोबाइलच्या टॉर्चखाली फिरवून बघितली. नेमबाज भाऊ, तुम्ही लिहिलंय तस्संच. काळीवर ठिपका सरकत सरकत येतो आणि एकदम तुटून बाजूला उडी मारतो, परत जुळतो. मी तासभर तेच करत बसलो, बायको म्हणे आता बॉल घेऊन झोपा.

व्हर्नियर गॅरेजवाल्या मित्राकडून. काळी, मिलिमीटरमध्ये: 20.1, 19.8, 19.9, परत फिरवली तर 19.8. गोल नाही! मग सराफाच्या काट्यावर ठेवली, तो म्हणे हे काय आणलं. 10.72 ग्रॅम. बेसाल्टबाबा सर, तुम्हीच हिशोब करा. लाल गोटी जरा लहान आहे, 17 च्या आसपास, आणि तिच्यावर पैलू आहेत पण अगदी थोडे, एका अंगाला.

दोन्हींवर पांढऱ्या बारीक चंद्रकोरी आहेत, नखाच्या कडेसारख्या, पृष्ठभागाच्या आत. काळीवर मोजून 11. ती चीर आहे का, वाढेल का?

बेसाल्टबाबा
19.9 व्यास धरला तर घनफळ 4.13 घनसेंटिमीटर, भागाकार 2.6. शंभरपैकी शंभर. अकीक.

नेमबाज
अकराच्या अकरा चंद्रकोरी सांभाळ! तिकडचे संग्राहकही त्यांना चंद्रच म्हणतात. गोटी गोटीवर आपटली की आत अशी अर्धगोल चीर पडते. म्हणजे ही खेळलेली गोटी आहे, कपाटातली नाही. आपोआप वाढत नाहीत, फक्त उकळत्या पाण्यात वगैरे घालू नको. किमतीच्या दृष्टीनं चंद्र म्हणजे वजावट, हेही सांगतो. काळी हातची, यात मला आता शंका नाही.

सुरत_पॅसेंजर
आणि लाल?

नेमबाज
लाल तुमची. आधीच दिली ना.

वाघूरकाठचा
आता चपट्या दगडाचं. लाखेचा डाग नाही ताई. कागदाचंही काही निघालं नाही दादा. शेवटी आईलाच विचारलं, हे आधीच करायला पाहिजे होतं. आई म्हणे, "अरे हा सासूबाईंचा दगड. चुलीला पोतेरं फिरवून झालं की ओलसर असताना ह्यानं घोटायच्या. त्यांच्या चुलीत तोंड दिसायचं. मी लग्न होऊन आले तेव्हा मलाही घोटायला लावलं, माझी कधी तशी झाली नाही." मग म्हणे हा आणला वाघूर नदीतून, कपडे धुवायला गेल्या होत्या तेव्हा.

कानबाईची_लेक
😂😂😂 ओपणी पण गेली आणि कागद पण गेला.

एरंडोलकर
ताई, मी माघार घेतो. तरी चूल म्हणजे मोठा कागदच झाला.

भरीतपार्टी
मेहुण्याचं काय झालं ते सांगा. झोपतो का आता?

वाघूरकाठचा
मेहुणा म्हणतो परदेशात एका गिऱ्हाइकाशी बोलणं झालंय, पार्सल करून टाकू.

बेसाल्टबाबा
मेहुण्याला सांगा 1972 चा पुरावस्तू कायदा वाच. शंभर वर्षांहून जुनी पुरावस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवताच येत नाही. तुमच्या घरच्या गोष्टीप्रमाणे गोटी शंभरीच्या आगेमागे आहे. विकताना 'अँटिक' म्हणायचं आणि पाठवताना 'खेळणं' लिहायचं, असं दोन्हीकडून चालत नसतं.

शहादा_एक्सप्रेस
मी विकायच्या बाजूनं आहे, स्पष्ट बोलतो. दोन दगड डब्यात ठेवून कोणाचं काय भलं होतं? पुण्यात मुंबईत जमवणारे आहेत की, नेमबाज भाऊच घेतील. घराची डागडुजी होईल.

नेमबाज
मला घ्यायचीय, खोटं कशाला बोलू. पण नेटवरच्या त्या डोळावाल्या गोट्यांच्या किमती म्हणजे एकही चंद्र नसलेल्या, मोठ्या गोटीच्या, आणि त्यातही मागणाऱ्यानं मागितलेल्या. मागितलेली आणि मिळालेली यात तापीचं पात्र आहे. मी स्वतः एक 'हँडमेड' म्हणून 1800 ला ऑनलाइन घेतली, आली तर चारही बाजूंनी 19.0, दशांशानं पण फरक नाही. विकणाऱ्यानं फोन उचलणं सोडलं. तुझ्या अकरा चंद्रांच्या गोटीत डागडुजी नाही होणार, एखादा नळ बदलेल.

सोडा_गोटी
विकू नको, ठेवू पण नको, खेळ.

वाघूरकाठचा
काका, ते झालंच. काल पोरीनं आणि शेजारच्या पोरानं पार्किंगमध्ये त्या पाच सोडावॉटरच्या गोट्या घेतल्या आणि मी आत चहा घेईपर्यंत काळी पण नेली. आवाज आला ठक्क. धावत गेलो. हिरवी काचेची दोन तुकडे, काळी शाबूत. भिंगातून मोजल्या, आता बारा आहेत. पोरीला ओरडलो तर म्हणते पप्पा नेम बघा ना, आठ फुटांवरून मारली.

सोडा_गोटी
आठ फूट!!

भरीतपार्टी
मन्हाजोडे बी एक काळी गोटी शे, पण ती गुलाबजामच्या डब्यात शे.

नेमबाज
लाल तरी कुलपात ठेव रे बाबा.

वाघूरकाठचा
ठेवली. मेहुणा आता डब्याची किंमत शोधतोय, तंबाखूच्या. भरीतपार्टी भाऊ, तुमचं खरं निघणार असं दिसतंय.

एरंडोलकर, तो चपटा दगड तुम्हाला बघायचाच असेल तर पुढच्या रविवारी पद्मालयाला यायचंय, जाताना तुमच्याकडे थांबतो. घोटलेला जुना कागद असेल तर काढून ठेवा, आईला बघायचाय. पत्ता व्यनि करा.